बाळाक्का, पाणी मीच जास्त सांगितलं होतं

बाळाक्का, तू गेलीस त्याला आज पाच दिवस झाले आणि मला एका जागी बसवत नाही. कचेरीत बसलो की पडवीत जावंसं वाटतं, पडवीत गेलो की तुझी रिकामी जागा दिसते आणि पुन्हा कचेरीत येऊन बसतो. मघाशी काशीबाई चाळणी खाली ठेवून म्हणाली, "दिवाणजी, बसा की वो जरा. पायाला भिंगरी लावलीया व्हय?" बायका हसल्या. मीही हसलो, आणि पुन्हा उठलो.

तुझी जन्मगाव-माहेराची हकीकत मी इथं लिहिणार नाही. ती मला धड ठाऊकही नाही. निपाणीच्या या तंबाखूच्या वखारीत चाळणवाल्या बायकांची तू मुकादमीण होतीस, मी यायच्या कितीतरी आधीपासून. मी बेळगावहून दिवाणजी म्हणून आलो त्याला आता सात वर्षं होतील. या सात वर्षांत आपण रोज बोललो, बहुतेक वेळा भांडलो. एक गोष्ट मात्र बोलायची राहिली, आणि ती तू असताना बोलायला हवी होती.

घाईही आहे. उद्या बाजाराचा दिवस, उद्या शेठ येणार. तुझ्या जागी मुकादमीण कोण, ते उद्या ठरायचंय. बायकांचं म्हणणं एकच: तुझी सून पारू. तिला पाल्याची पारख आहे, तोंडही तुझ्याइतकंच आहे. पण शेठनी निरोप पाठवलाय, "कुणालाही बसवा, त्या घरातलं नको. एक ढीग घालवलाय त्यांनी." तो ढीग कुणी घालवला हे तुला माहीत होतं, मला माहीत आहे, पडवीतल्या चाळीस बायकांना माहीत आहे. एकट्या शेठना माहीत नाही.

मी आलो तेव्हा माझ्या डोक्यात बेळगावच्या कॅम्पातली शाळा होती. आमचे हेडमास्तर व्हरांड्यातून नुसते चालत गेले तरी वर्गावर्गात चिडीचूप होई. अधिकार म्हणजे ते, असं माझं पक्कं गणित. म्हणून पहिल्याच आठवड्यात मी एका फळीवर सुवाच्य अक्षरांत वखारीचे अकरा नियम रंगवून घेतले आणि ती पडवीच्या दारावर ठोकली. तुमच्यापैकी एकीलाही वाचता येत नाही, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर फळीला हळदीकुंकू लावलेलं आणि वर दोन झेंडूची फुलं. मी चिडून विचारलं, हे काय? तू पदर सावरत पुढं आलीस. "आमाला वाटलं देव बशिवलाय. सकाळधरनं समद्या नमस्कार करून आत चाललोय." तुझ्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. मी फळी काढली नाही. काढली असती तर हार झाली असती. पावसाळ्यात ती आपोआप पडली आणि मी पुन्हा ठोकली नाही.

मी पडवीत आलो की तुम्ही सगळ्या गप्प व्हायच्या. मला फार बरं वाटायचं, हेडमास्तर आठवायचे. पुढं दोन वर्षांनी तूच सांगितलंस, "तुमी आलासा की गप व्हायचो, कारन तुमच्याबद्दलच बोलत असायचो."

आणि मग तो ढीग. त्या हंगामात पाला कोरडाठाक आला होता. कोरड्या पाल्याला हात लावला की त्याचा चुरा होतो, म्हणून आधी पाणी मारून तो मऊ करायचा. पाणी कमी पडलं तर भुकटी, जास्त झालं तर ढीग आतून तापतो आणि काळा पडतो. पाणी किती, हे तू मुठीत पाला दाबून ठरवायचीस. मी ते कागदावर ठरवलं. ढिगाचं माप घेतलं, हिशेब मांडला, आणि सकाळी पडवीत उभं राहून सांगितलं, वीस झाऱ्या.

"दिवाणजी, येवढं पानी नगं," तू म्हणालीस. "रातच्याला धुकं हुतं. पाल्यानं आधीच दव वढून घेतलंय. सात-आठ लई झालं."

चाळीस बायका बघत होत्या. मी म्हणालो, "इथं दिवाणजी कोण आहे? तू की मी?"

"तुमीच की," तू म्हणालीस. मग बायकांकडं वळलीस. "मारा गं पानी. दिवाणजी सांगत्यात तेवढंच. एक थेंब कमी पडायचा न्हाय."

एक थेंबही कमी पडला नाही. त्या दिवशी मी आईला पत्र लिहिलं की आता इथं माझा जम बसला. माझा शब्द खाली पडत नाही. किती मूर्ख होतो मी! माणसं जेव्हा आपण सांगितलं तेवढंच करतात, त्यात आपली अक्कल घालत नाहीत, तेव्हा त्यांनी आपल्याला वाऱ्यावर सोडलेलं असतं. हे मला कळायला तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी ढिगातून वाफ येऊ लागली, आंबूस वास सुटला, आणि वरचा पाला बाजूला केला तर आत सगळं काळं.

नेमका बाजाराचा दिवस होता. शेठ आले, नाकाला रुमाल लावून ढिगापाशी उभे राहिले आणि विचारलं, "हे कुणी केलं?"

मी म्हणालो, "बायकांनी पाणी जास्त मारलं. मी कचेरीत होतो."

हे वाक्य मी सात वर्षं वेगवेगळ्या प्रकारे आठवून बघितलंय. घाबरलो होतो, नवीन होतो, बहिणीचं लग्न ठरत होतं, सगळं खरं आहे. पण ते वाक्य तोंडातून इतक्या सहज आलं की जणू आधीपासून तयार होतं. तू नाकावर बांधलेला पदर सोडलास. "व्हय शेठ. माझ्या हाताखाली झालं." शेठनी तुला आठ दिवस घरी बसवलं, म्हातारी झालीस म्हणाले, ते वेगळंच. तू चाळणी झटकून भिंतीला टेकवलीस आणि माझ्याकडं न बघता निघून गेलीस.

चौथ्या दिवशी मी तुझ्या घरी आलो. येताना रस्त्याभर वाक्यं जुळवत होतो. तू दारात मिरच्या निवडत बसली होतीस. बसा म्हणाली नाहीस. "ढीग उलथला का?" हा पहिला प्रश्न.

"उलथला."

"आत हात घालून बघितला?"

"बायकांनी बघितला."

"तुमी बघितला का?"

मग तू आतून पाणी आणि गुळाचा खडा आणलास. ते पाणी मी प्यालो. सोवळं पाळणाऱ्या आमच्या आईला ती गोष्ट अजून कळलेली नाही. धीर करून मी सुरुवात केली, "बाळाक्का, त्या दिवशी तू माझ्यासाठी..." आणि तू मला तिथंच तोडलंस.

"तुमच्यासाठी न्हाय बोलले मी. मला कळत हुतं पानी लई हुतंय. आनी दोन शब्द बोलले असते तर तुमी थांबला असतासा. पर माझं डोस्कं फिरलं. म्हटलं, बघू दे मजा. पाला काय तुमचा न्हाय, माझाबी न्हाय. कुनीतरी वरीसभर राबून पिकवलेला. त्येच्यावर राग काढला मी. ती माझी चूक, ती मी सांगितली. तुमची तुमी सांगा."

"कधी?"

"आता ते बी मीच सांगू व्हय?" म्हणालीस, आणि पुन्हा मिरच्यांना लागलीस.

त्यानंतर या गोष्टीचा एक शब्द तू माझ्यापाशी काढला नाहीस. मला वाटलं, विसरलीस. खरं सांगायचं तर विसरली असशील असं मी ठरवून टाकलं. ते सोयीचं होतं.

नवव्या दिवशी तू परत आलीस. मला पडवीत बोलावलंस, सगळ्यांसमोर म्हणालीस, "बाह्या वर करा, दिवाणजी. घाला हात." कोपरापर्यंत हात ढिगात गेला आणि मला शिंकांचं जे सत्र लागलं ते थांबेचना. बायका पोट धरून हसल्या. पण ते हसणं पाठीमागचं नव्हतं, तोंडावरचं होतं, आणि का कुणास ठाऊक, मला त्याचा राग आला नाही. त्या दिवसापासून रोज सकाळी पाणी मारायच्या आधी मी तुझ्याजवळ उभा राहायचो आणि तू विचारायचीस, "किती?" मी सांगायचो दहा. "व्हय?" तू भुवई उचलायचीस. मी मूठ पुन्हा दाबून बघायचो आणि सांगायचो आठ. कधीकधी तू मुद्दाम भुवई उचलायचीस, मी बरोबर असलो तरी. मी हलतो की ठाम राहतो, ते बघायला. सहा महिन्यांनी मी पहिल्यांदा म्हणालो, "नाही, दहाच," आणि तू बायकांना म्हणालीस, "मारा गं धा." आईला त्या दिवशी पत्र लिहिलं नाही. लिहायचं असतं तर ते त्या दिवशी लिहायला हवं होतं.

आपलं सांगणं किती जणांनी ऐकलं, यावरून मान मोजायचा नसतो, हे मी इथं शिकलो. एका पावसाळ्यात काशीबाई आपण होऊन कचेरीच्या दारात येऊन उभी राहिली. "दिवाणजी, मागच्या कोपऱ्यात कौल फुटलंय. चार पोती भिजली. माझंच ध्यान नव्हतं." आधीच्या वर्षी ती पोती मुकाट्यानं इतर पोत्यांखाली गेली असती आणि वाशीम-सोलापूरच्या कुठल्यातरी व्यापाऱ्यानं ती उघडली असती. वाईट बातमी पहिल्यांदा आपल्याकडं येते, तेव्हा समजायचं की माणसांनी आपल्याला आपलं म्हटलं. मी हे तुला मोठ्या उत्साहानं सांगितलं. तू म्हणालीस, "मग तुमी बी कुनालातरी आपलं म्हना की." मी ते हसण्यावारी नेलं. आज कळतं कशाबद्दल बोलत होतीस.

तू देवमाणूस होतीस असं मी म्हणणार नाही. तू ऐकत असशील तर तुलाच हसू येईल. मी म्हणायचो, चाळीस माणसं चालवायची तर थोडा धाक हवाच. तू म्हणायचीस, "भ्या घातलं की हात चालत्यात, पर डोळं मिटत्यात." बोलायला छान. पण नव्या बाईला तू स्वतः पहिले दोन महिने कुटणाच्या कडेला बसवायचीस, जिथं तंबाखू कुटतात आणि धुरळा सगळ्यांत जास्त. वारा लागून बारीक तंबाखू उडू नये म्हणून दारं-खिडक्या बंद, आणि त्यात ती बिचारी खोकून खोकून लाल. रडली तर मराठीत समजूत काढायचीस, काम चुकलं तर कानडीत झोडपायचीस. मी एकदा म्हणालो, "हा तुझा धाकच की." तू भडकलीस. "धाक न्हाय, पारख हाय ती. जिला टिकायचं न्हाय तिनं आधीच जावं." चार दिवस माझ्याशी बोलली नाहीस, पाणी किती ते काशीबाईकडून विचारवलंस. या भांडणात मी बरोबर होतो, आक्का. अजूनही तसंच वाटतं. त्या धुरळ्यात तूही तीस वर्षं बसलीस, म्हणून ती पारख होत नाही. तुझ्या छातीतून शेवटी जो आवाज यायचा तो मी ऐकलाय.

तुला अंथरूण धरून पंधरा दिवस झाले तेव्हा मोसंबी घेऊन मी आलो होतो. पारूनं पाठीमागं वाकळ लावून तुला बसवलं. बाहेर तुझा भाऊ शेजाऱ्यांशी हुज्जत घालत होता, इंग्रज साहेब देश सोडून जाणार म्हणतात ते खरं का, आणि गेले तर मग ऐकायचं कुणाचं. तू म्हणालीस, "हेला कुनाचं ऐकायची सवयच न्हाय, हेला काय फरक पडतुया." हसताना खोकलीस. मग माझ्याकडं बघत राहिलीस. "वखारीत काय इशेष?"

मी म्हणालो, "काही नाही. सगळं ठीक चाललंय."

तू मान हलवलीस आणि भिंतीकडं तोंड केलंस. मला वाटलं, थकलीस. उठलो आणि आलो. मोसंबीची पिशवीसुद्धा हातातच राहिली होती. अर्ध्या वाटेवरून परत जाऊन ती पारूच्या हातात दिली.

उद्या शेठना सांगायचं, कचेरीत, दार लावून. सांगेन. हे लिहितानासुद्धा दोनदा उठून पडवीत चक्कर मारून आलो.

इथवर काल लिहिलं होतं. आता आज दुपारचं लिहितो.

शेठ सकाळीच आले. मी कचेरीत खुर्ची पुसून ठेवली होती, ते तिथं आलेच नाहीत. सरळ पडवीच्या दारात जाऊन उभे राहिले. बायका चाळत होत्या. पारू तुझ्या जागेच्या शेजारी बसली होती. तुझ्या जागेवर कुणी बसलेलं नाही. शेठनी तिच्याकडं बोट केलं. "ही त्याच घरातली ना, ढीग घालवला त्या?" पारूनं मान वर केली नाही. चाळणीचा वेग तेवढा वाढला.

कचेरी, दार, जुळवलेली वाक्यं, सगळं राहून गेलं. मी म्हणालो, "शेठ, तो ढीग बाळाक्कानं घालवला नाही. वीस झाऱ्या मी सांगितल्या. ती नको म्हणत होती. आणि त्या दिवशी तुमच्यासमोर मी खोटं बोललो."

चाळण्या थांबल्या. शेठनी नाकावरचा रुमाल काढला. "सात वर्षांनी सांगताय?"

"हो."

"आणि तेही इथं? दिवाणजी, हे कचेरीत सांगता आलं असतं. उद्यापासून या बायका तुमचं ऐकतील?"

तेवढ्यात काशीबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "शेठ, आमाला त्यात नवीन काय हाय? पानी आमीच मारलं हुतं की." कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं. शेठ हसले नाहीत. मग पारूकडं बघून म्हणाले, "बसू दे हिला," आणि मला म्हणाले, "तुमचं काय करायचं ते पुढच्या बाजाराला सांगतो." गेले. नोकरी राहील की जाईल मला माहीत नाही. बेळगावला परत जावं लागलं तर आईला काय सांगायचं, हाही विचार येऊन गेला. पण सकाळपासून पहिल्यांदा मी एका जागी बसलोय.

जेवणाच्या सुट्टीत दारं उघडली, बायका भाकरीची फडकी सोडून अंगणात बसल्या. पारू कचेरीच्या उंबऱ्याशी आली. मला वाटलं, दुपारच्या ढिगाचं पाणी विचारायला. ती उभीच राहिली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"दिवाणजी, एक सांगायचं हुतं. तुमी रागवा पायजे तर."

"सांग."

"आत्तीनं इचारलं हुतं मला. जायच्या आदल्या दिशी." तुला ती आत्ती म्हणायची. "दिवाणजी बोललं का गं शेठसंगं, म्हनून."

मी विचारलं, "मग तू काय सांगितलंस?"

"व्हय म्हटलं. बोललं, म्हटलं. समद्या बायांच्या म्होरं बोललं." तिचा आवाज फुटला. "खोटं बोलले वो मी. मरत्या मानसासंगं."

"ती काय म्हणाली?"

"हासली. म्हनाली, मला ठावं हुतं, बोलतील ते. मग पानी मागितलं, घोटभर प्याली."

मी पारूला म्हणालो की तू काही चूक केली नाहीस, जा, भाकरी खा. ती गेली. पण तुझ्याशी मला खरं बोलायला हवं. बाळाक्का, तिनं तुला सांगितलं तेव्हा मी बोललेलो नव्हतो.